बी. एन. सर आणि घंटा

बी. एन. सरांना घंटा ऐकू येत नसे. कानात काही दोष नव्हता. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना शेवटच्या बाकावर कुणी शेंगदाणा फोडला, तरी ते मागे न बघता त्याचं नाव घेऊन म्हणत, "टरफल खिशात ठेव." पण तास संपल्याची घंटा, जी आमचे शिपाई सुपडूभाऊ रुळाच्या तुकड्यावर जीव खाऊन बडवत, ती काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे. पुढच्या तासाचे प्राध्यापक दारात येऊन खोकत, घड्याळ बघत, कंटाळून स्टाफरूममध्ये परत जात. शेवटी प्राचार्यांनी सुपडूभाऊंना जास्तीचं काम लावून दिलं. घंटा दिली की बी. एन. सरांच्या वर्गापर्यंत चालत जायचं आणि दारात उभं राहून "सर, घंटा झाली" असं तोंडानं सांगायचं.

तोंडानं सांगितलं की मात्र सर जागच्या जागी थांबत. वाक्याच्या मध्यावर म्हणावं तर तेही नाही, शब्दाच्या मध्यावर. फळ्यावर जिथे खडू असेल तिथे एक ठिपका द्यायचे आणि निघून जायचे. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की उरलेल्या अर्ध्या शब्दापासून सुरुवात. एकदा शनिवारी "प्रोसे" म्हणून गेले आणि सोमवारी "सर" म्हणत आले. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना वाटलं, सर स्वतःलाच हाक मारताहेत.

हे ठिपका देणं त्यांनी आम्हाला शिकवलंही होतं. संगणक एक काम करत असताना मध्येच कुणी टपली मारली, कीबोर्डची कळ दाबली समजा, तर तो आधी आपण कुठे होतो ते नोंदवून ठेवतो, टपली मारणाऱ्याचं काम उरकतो आणि बरोबर तिथूनच पुढे सुरू करतो. "माणसाला हे जमत नाही," सर म्हणत. "माणूस उठून दाराशी जातो आणि परत येईपर्यंत आपण काय करत होतो ते विसरतो." सरांना जमायचं. कुणी थांबवलं तर सर थांबत आणि धागा कधी सोडत नसत. आपण होऊन थांबणं तेवढं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं.

पूर्ण नाव भटू नथ्थू पाटील. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, नोकरी जळगावात. उंच, काटकुळे, शर्टाची वरची गुंडी लावलेली. शिकवायला लागले की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत, खडूच्या भुकटीनं खराब होतं म्हणून. वर्गात बोलणं शुद्ध, पण विषय रंगात आला की आई शिकवून गेलेली बोली वर यायची आणि मग दर पाच वाक्यांनंतर "समजनं का?" असा प्रश्न यायचा. पारोळ्याहून आलेल्या मला ते घरच्यासारखं वाटे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मुलं पहिल्या आठवड्यात एकमेकांकडे बघून हसायची. दुसऱ्या आठवड्यापासून तीच मुलं कँटीनमध्ये एकमेकांना "समजनं का?" विचारू लागली.

सर खरे भौतिकशास्त्राचे. नव्वदच्या आसपास आमच्या कॉलेजला संगणकाचा विषय मिळाला, विद्यार्थी मिळाले, फक्त शिकवणारं कुणी मिळेना. पुण्या-मुंबईची माणसं जळगावच्या उन्हाचं नाव ऐकूनच नकार कळवत. तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं, आपल्यापैकी कुणी बघतं का. बाकी सगळे छताकडे बघू लागले आणि बी. एन. सर म्हणाले, मी बघतो. पन्नाशी जवळ आलेल्या माणसानं उन्हाळ्याची सुट्टी इंग्रजी पुस्तकं पुढ्यात घेऊन काढली आणि जूनमध्ये ते संगणकाची रचना आणि ऑपरेटिंग सिस्टिमची तत्त्वं शिकवायला उभे राहिले. कॉलेजात तोवर संगणक आलेलाच नव्हता.

त्यामुळे पहिल्या सत्रात संगणक आम्हीच झालो. सरांनी वर्गातली बाकं हलवून घेतली. एका रांगेतली मुलं म्हणजे मेमरी, प्रत्येकाच्या हातात एक पाटी आणि पाटीवर एक आकडा. टेबलाजवळची दोघं म्हणजे बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र. मी म्हणजे ने-आण करणारी, मेमरीतून आकडा वाचायचा आणि टेबलापर्यंत पोचवायचा. सर दारात उभे राहून हुकूम सोडत. पाच आणि सात यांची बेरीज करायला आम्हाला अख्खा तास पुरला नाही. मेमरीत ललित बसला होता. त्याच्या वडिलांचं दाणाबाजारात भुसाराचं दुकान, हा लहानपणापासून संध्याकाळी गल्ल्यावर बसणारा. माझ्या हातात पाच बघितले, आपल्या पाटीवर सात बघितले, आणि त्यानं सात पुसून सरळ बारा लिहून टाकले.

सर दारातून आत आले. "हे काय केलंस?"

"सर, बाराच होतात ना? ती उगाच एवढ्या लांब घेऊन चालली होती."

"ललित, तू मेमरी शेस. मेमरीनं विचार करायचा नाही. दिलं ते धरायचं, मागितलं ते द्यायचं."

"पण सर, दिसतंय तर..."

"दिसतंय हेच तुझं चुकतंय. मेमरीला दिसत नाही."

ललितनं सात पुन्हा लिहिले, पण त्याचा जीव काही शांत होईना. पुढच्या खेपेला त्यानं बारा लिहिले नाहीत, मला जाता जाता कानात सांगितले. पुढे तो मुंबईला मोठ्या कंपनीत लागला. सरांना तो दिवाळीचं भेटकार्ड पाठवी आणि खाली सही करी, "आपली मेमरी".

मग खरा संगणक आला. त्याच्यासाठी प्रयोगशाळेच्या टोकाला खोली झाली, खोलीला वातानुकूलन यंत्र आलं, दाराशी पायपुसणं आलं आणि चपला बाहेर काढायचा नियम आला. प्राचार्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. सरांच्या पत्नीनं, म्हणजे माईंनी, जुन्या लुगड्याच्या काठाची झालर लावून संगणकाला अभ्रा शिवून दिला. अख्ख्या कॉलेजात गार खोली ती एकच. एप्रिल-मे महिन्यात प्राचार्यांना संगणकाची फारच काळजी वाटू लागे आणि ते जेवणानंतर त्याची पाहणी करायला येऊन डोळे मिटून बसत. सर त्यांना उठवत नसत. आम्हाला खुणेनं सांगत, "चालू द्या. मशीन रिकामं आहे, नि साहेबही."

सरांच्या शिकवण्याची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती भरताच्या पार्टीत. थंडीत सरांच्या एका मित्राच्या मळ्यात आम्हा सगळ्यांना नेलं होतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली, केळीची पानं मांडून झाली, माई चुलीशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. आता फक्त वांगी कुटायची राहिली होती, आणि तिथे मुलांमुलींत जुंपली. कुटायची लाकडी बडगी मुलांनी पळवली होती. भाजलेल्या मिरच्या आणि लसणाचं ताट आम्हा मुलींकडे. मुलं म्हणत, मिरच्या द्या, आम्ही कुटतो. आम्ही म्हणत होतो, बडगी द्या, तुम्ही कुटाल ते कुणी खाणार नाही. त्यांना मिरच्या मिळाल्याशिवाय बडगी सोडायची नव्हती, आम्हाला बडगी मिळाल्याशिवाय ताट सोडायचं नव्हतं. दोन्हीकडे पोटात कावळे ओरडत होते.

सर हे लांबून बघत होते. आम्हाला वाटलं, येतील आणि भांडण मिटवतील. ते आले ते आनंदानं लाल होऊन.

"कुणी काही सोडू नका," ते म्हणाले. "असेच उभे राहा. हा डेडलॉक आहे. इतका चांगला डेडलॉक मी पुस्तकातसुद्धा बघितला नाही."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. एकानं एक वस्तू धरलेली, दुसऱ्यानं दुसरी. प्रत्येकाला दुसऱ्याच्या हातातली हवी, आणि आपल्या हातातली सोडायची तयारी नाही. दोन प्रोग्रॅम असे अडकले की संगणक चालू दिसतो पण काम पुढे सरकत नाही. यातून सुटायचे मार्ग किती, ते कोणते, प्रत्येकातला धोका काय. वांगी गार होऊ लागली. एकानं हळूच बडगी खाली ठेवायला घेतली तर सर त्याच्यावर खेकसले, "ठेवू नको, अजून दुसरा मार्ग व्हायचाय." तिथे सुपडूभाऊ नव्हते, त्यामुळे सरांना थांबवणार कोण, हा प्रश्न होता.

माई उठल्या. पिठाच्या हातांनीच आल्या, मुलांच्या हातातून बडगी ओढून घेतली, आमच्या हातातून ताट घेतलं आणि सरांना म्हणाल्या, "पोरे उपाशी बठेल शेतस, आन् तुम्हले शिकाडानं सुची राह्यनं."

सर आमच्याकडे वळून म्हणाले, "हा तिसरा मार्ग. वरच्या अधिकाऱ्यानं येऊन जबरदस्तीनं काढून घेणं. समजनं का?" माईंनी कुटलेलं ते भरीत आम्ही गारच खाल्लं, पण डेडलॉकवर प्रश्न आला तेव्हा आमच्या वर्गातलं एकही पोर अडलं नाही.

अशी सगळी मजा चालली असताना नियम आला. संगणकाचा विषय शिकवायचा तर शिक्षकाकडे त्याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा हवा, नाहीतर आपापल्या मूळ विषयाकडे परत. नियमात काही चूक नव्हती. सरांना मुदत मिळाली, आणि त्यांनी धुळ्याच्या एका कॉलेजात बाहेरून डिप्लोम्याला नाव घातलं. मीही बी. एस्सी. होऊन त्याच डिप्लोम्याला धुळ्यात होते. म्हणजे सर आणि मी सहाध्यायी झालो. ते रविवारी जळगावहून एस. टी.नं येत, स्टँडवर मला गाठत आणि अकाउंट्सच्या माझ्या वह्या मागून नेत. जमा-खर्चाच्या विषयात ते इतके कच्चे होते की त्यांना शिकवताना मला हसू आवरत नसे. "हसून घे," ते म्हणत. "ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला बघू."

त्या पेपराची त्यांना काळजी असायचं कारणच नव्हतं. आम्हा सगळ्यांना तो विषय त्यांनीच शिकवलेला. धुळ्याच्या वर्गातली मुलंसुद्धा माझ्याकडून त्यांच्या टिपणांच्या प्रती काढून घेत होती.

परीक्षेच्या दिवशी केंद्राचे मुख्य पर्यवेक्षक निघाले सरांचे जुने विद्यार्थी, भौतिकशास्त्राच्या काळातले. सर हातात हॉलतिकीट घेऊन रांगेत उभे आहेत हे बघून त्या बिचाऱ्याला काय करू नि काय नको असं झालं. भर व्हरांड्यात पाया पडले. सर पोरांमध्ये बाकावर बसणार हे त्यांना सहन होईना. त्यांनी सरांसाठी कोपऱ्यात, खिडकीजवळ, पंख्याखाली वेगळं टेबल लावलं. पाण्याचा तांब्या ठेवला. आणि बाकीच्या पर्यवेक्षकांना व शिपायाला बजावून सांगितलं की सरांच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, वेळ झाली म्हणून ओरडायचं नाही, सरांना अजिबात त्रास द्यायचा नाही.

पहिला प्रश्न होता: अनेक प्रोग्रॅममध्ये संगणकाचा वेळ कसा वाटून दिला जातो, ते लिहा. सरांचा सगळ्यांत लाडका भाग. एकाच प्रोग्रॅमला कितीही वेळ धरून बसू द्यायचं नाही, ठरलेला वेळ झाला की त्याला बाजूला करून दुसऱ्याला घ्यायचं, कारण तसं केलं नाही तर एकच प्रोग्रॅम सगळं मशीन खाऊन टाकतो. मी दोन पानांत उत्तर आटोपलं आणि पुढे गेले. मान वर केली तर सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलेलं. ते लिहीत होते. मी तिसऱ्या प्रश्नावर होते तेव्हा त्यांनी पुरवणी मागितली. आणून देणारा चवड्यांवर चालत आला, पुरवणी ठेवली आणि चवड्यांवरच परत गेला. घंटा तिकडे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होत होती, ती आम्हाला ऐकू येत होती. सर आणखी एक पुरवणी घेऊन पुन्हा वाकले. परीक्षेत बोलायची सोय नाही. मला आयुष्यात सुपडूभाऊंची आठवण एवढी कधी आली नव्हती.

वेळ संपली. आमच्या उत्तरपत्रिका गोळा झाल्या. मुख्य पर्यवेक्षक सरांच्या टेबलाशी जाऊन हात बांधून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, होऊ द्या सावकाश. आपलं आवरेपर्यंत आम्ही थांबतो."

सरांनी वर बघितलं. रिकाम्या बाकांकडे बघितलं. "वेळ संपली?"

"हो सर, पण आपलं..."

सरांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. पर्यवेक्षक पुन्हा म्हणाले, दहा मिनिटं घ्या, कोण बघतंय. सर म्हणाले, "वेळ संपली म्हणजे सगळ्यांची संपली." उत्तरपत्रिका दिली आणि बाहेर आले. पाच प्रश्नांतला त्यांचा एकच झाला होता, तोही पुरता नव्हे.

अकाउंट्समध्ये सर पास झाले. बाकी सगळ्यात पास झाले. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नापास. त्या पेपरात मला सगळ्यांत जास्त मार्क होते, आणि मी लिहिलेली बहुतेक उदाहरणं त्यांचीच होती.

निकालानंतर मी जळगावात त्यांच्या घरी गेले. सरांनी दारातच हसून सगळी हकीकत सांगितली, त्या मुख्य पर्यवेक्षकाच्या नकलेसकट. माई आतून म्हणाल्या, "चार पोरं शिकाडी शिकाडी मोठी करी, आन् सोता बठनात एकच सवाल लिखत." सर आणखी हसले. मग चहा आला, आणि कप हातात धरून ते बराच वेळ पीत नव्हते.

"येळ कवय गया, मले समजनंच नही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मना विषय शे तो."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, कारण मी जे सांगायला आले होते ते अजून सांगितलंच नव्हतं. सरांची मुदत संपली होती, आणि कॉलेजनं तो विषय तासिकेवर शिकवायला मला बोलावलं होतं. मी ते कसंबसं सांगितलं आणि लगेच म्हणाले, मी नाही म्हणून कळवते.

सरांनी कप खाली ठेवला. "का म्हणून?"

"तुमची जागा आहे ती, सर."

"जागा कॉलेजची आहे. तू नाही म्हणालीस तर ते दुसऱ्या कुणाला तरी आणतील, आणि तो पोरांना पुस्तक वाचून दाखवेल. मी तिकडे प्रयोगशाळेत लंबक मोजत बसेन आणि मला भिंतीपलीकडून ते ऐकावं लागेल. हे बरं होईल का?" मग माईंकडे बघून म्हणाले, "हिला जेवून जाऊ दे."

पुढच्या खेपेला सर पास झाले. त्या वेळी माईंनी धुळ्याच्या त्या मुख्य पर्यवेक्षकांना माझ्याकडून निरोप पाठवला होता, "त्यासले मान नको, घंटा द्या." त्यांनीही तो निरोप मनावर घेतला आणि दर अर्ध्या तासानं सरांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. सरांना त्यांचा विषय परत मिळाला, मी दुसरा घेतला, आणि निवृत्त होईपर्यंत ते तोच शिकवत राहिले. मध्ये एकच वर्ष असं गेलं की त्यांच्या वर्गावर मी उभी होते. सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण सरांची आठवण आली की मला त्या वर्षातला पहिला दिवस दिसतो.

हजेरी घेऊन मी फळ्याकडे वळले होते, घाबरले होते. दारात कुणी तरी उभं असल्यासारखं वाटलं. बघितलं तर सर. हातात कोरी वही.

"आत येऊ का, मॅडम?"

वर्ग उठून उभा राहिला. सरांनी हातानं सगळ्यांना बसायची खूण केली, पण आपण दारातच थांबले. थट्टा करताहेत असं मला वाटलं, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, आणि त्या विषयाची शिक्षक मी होते. मला "या" म्हणावं लागलं. ते शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या शेजारी जाऊन बसले.

मी शिकवत होते ते साधंच होतं. संगणकात एक काउंटर, म्हणजे मोजणीचा आकडा, असतो, पुढची आज्ञा कुठे ठेवली आहे ते तो सांगतो. मी म्हणाले, संगणक आज्ञा वाचतो, ती पार पाडतो, आणि मग काउंटर एकानं पुढे सरकतो. मागच्या बाकावरून हात वर झाला.

सर उठून उभे राहिले. "मॅडम, एक शंका आहे. एखाद्या आज्ञेनंच सांगितलं की आता उडी मारून अमुक ठिकाणी जा, तर त्या उडीनंतर आपला काउंटर आणखी एकानं पुढे सरकेल का? मग आपण चुकीच्या जागी पोचू, असं मला वाटतं. माझं कुठे चुकतंय?"

त्यांचं कुठेच चुकत नव्हतं. काउंटर आज्ञा वाचल्याबरोबर सरकतो, ती पार पाडायच्या आधी. हे त्यांनीच मला शिकवलं होतं आणि घाईत मी उलटं सांगितलं होतं. वर्गातल्या एकालाही ते कळलं नव्हतं. मी फळा पुसला, पुन्हा नीट लिहिलं आणि पुन्हा समजावून सांगितलं. सर उभ्या उभ्याच ऐकत होते.

"आता कळलं, मॅडम," ते म्हणाले, आणि खाली बसून ते सगळं त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतलं.